वृद्धाश्रमात आई-वडील पडले, तर काय करावे

वृद्धाश्रमातून किंवा केअर सेंटरमधून सकाळी फोन येतो आणि ‘काल रात्री आजी बाथरूममध्ये घसरल्या, आता झोपल्या आहेत, काळजीचं काही नाही’ एवढेच सांगितले जाते, तेव्हा तेवढ्यावर समाधान मानू नये. फोनवरच चार गोष्टी विचारून वेळेसह लिहून ठेवाव्यात: पडल्या किती वाजता, कोणाला आणि किती वेळाने आढळल्या, डोक्याला मार लागला का, आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष येऊन तपासले का. यांतला दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. म्हातारे माणूस तासभर किंवा त्याहून अधिक वेळ फरशीवर पडून राहिले, तर हाड मोडलेले नसले तरी अंगाखाली दबलेले स्नायू खराब होऊ लागतात, शरीरातले पाणी कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि त्वचेला जखमा होतात. पडणे कदाचित टाळता आले नसते. पण पहाटे तीनला पडलेली बाई सहाला चहा घेऊन आलेल्या मावशींना सापडली, तर मधल्या तीन तासांचा जाब संस्थेला द्यावाच लागतो.

कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी रुग्णालय गाठावे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता मोठी असते. मात्र हाड जागेवरून सरकलेले नसेल, तर पाय सरळ दिसतो, माणूस चार पावले चालूनही दाखवतो आणि पहिल्या एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. दुखणे कायम राहिले, तर डॉक्टरांकडे एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा आग्रह धरावा. खुब्याची शस्त्रक्रिया प्रकृती परवानगी देत असेल तर 48 तासांच्या आत व्हावी, असा वैद्यकीय संकेत आहे, म्हणून ‘दोन दिवस वाट बघू’ हा सल्ला धोक्याचा ठरतो. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर माणूस शुद्धीवर आणि बोलता असला तरी सीटी स्कॅन करून घ्यावे. कवटीच्या आतला रक्तस्राव काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येतो. त्या काळात वाढलेली झोप, असंबद्ध बोलणे, चालताना झोक जाणे याकडे वयाचा परिणाम म्हणून पाहू नये. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती ‘दुखते’ असे सांगेलच असे नाही. तिने जेवण नाकारणे किंवा कूस बदलताना कण्हणे हेच तिचे सांगणे समजावे.

रुग्णालयात दाखल करताना ‘घरी पडल्या’ असे सांगू नये. कोणत्या संस्थेत, किती वाजता, कशा अवस्थेत आढळल्या, हे केस पेपरवर जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि दुखापत निष्काळजीपणामुळे झाल्याचा संशय असेल, तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी रुग्णालयातली नोंद) करण्यास सांगावे. पुढे वर्ष-दीड वर्षाने सगळ्यांच्या आठवणी बदललेल्या असतात. त्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन ओळी बदलत नाहीत. अंगावरचे काळे-निळे डाग, टाचेवरच्या किंवा माकडहाडाजवळच्या जखमा यांची छायाचित्रे तारखेसह काढावीत. रुग्णाचे वैद्यकीय कागद लेखी मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत देणे नोंदणीकृत डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

त्यानंतर संस्थेची खोली पाहावी, आणि ती शक्यतो रात्री पाहावी, कारण दिवसा भेटीच्या वेळेत सगळे आवरलेले असते. पलंगाच्या कडेवर बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकतात का? पलंगावर आडवे असताना हात लांब केला तर बेल हाताला लागते का, की ती उशामागच्या भिंतीवर आहे? दिव्याचे बटण दारापाशी असेल, तर त्या बटणापर्यंतचा रस्ता अंधारातच कापावा लागतो. बाथरूमच्या चौकटीखाली दोन बोटांचा उंबरठा, आत कमोडशेजारी भरलेली बादली, गुळगुळीत टाइल्सवर संध्याकाळपासून साचलेले पाणी, आणि उठताना आधार म्हणून हात जातो ती टॉवेल अडकवायची नळी, जी दोन स्क्रूंवर कशीबशी तगलेली असते. ती नळी हलवून पाहावी आणि हलत असेल, तर व्हिडिओ घ्यावा. अर्धांगवायूच्या रुग्णासाठी आधाराची दांडी चांगल्या हाताच्या बाजूला आहे का आणि दाराची कडी बाहेरून उघडता येते का, हेही तपासावे.

गोळ्यांचा तक्ता तितकाच बोलका असतो. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी यांमुळे उभे राहताना तोल जातो. लघवी वाढवणारी गोळी सकाळऐवजी रात्री दिली, तर माणसाला अंधारात तीन वेळा उठावे लागते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांकडून गोळ्या नव्याने तपासून घ्याव्यात.

संस्थेला त्याच दिवशी लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. ई-मेल केला तरी चालतो. त्यात अपघाताच्या नोंदवहीची, रात्रपाळीच्या हजेरीची, औषधांच्या तक्त्याची, आधीच्या पडण्यांच्या नोंदींची प्रत मागावी आणि सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवण्यास सांगावे. हे चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून या एका मागणीला उशीर परवडत नाही. आई-वडिलांशी बोलताना ‘तुला त्यांनी सोडून दिलं ना?’ असे तोंडात शब्द घालू नयेत; ‘काय झालं ते सांग’ एवढेच विचारून त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांशीही बोलावे. रात्री कोण किती वेळा आले, हे त्यांना बहुधा ठाऊक असते.

प्रत्येक पडणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे मान्य करूनच पुढे जावे. चालती-फिरती व्यक्ती कधीतरी पडते आणि ती पडू नये म्हणून तिला दिवसभर पलंगावर डांबणे हा उपाय नाही. चादरीने खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवल्याने पडणे थांबत नाही, उलट स्नायू क्षीण होतात आणि सुटण्याच्या धडपडीत अधिक गंभीर इजा होते. पलंगाच्या कठड्यावरून चढून पडणारा माणूस तर अधिक उंचीवरून पडतो. म्हणून प्रश्न असे विचारावेत: या व्यक्तीला धोका आहे, हे संस्थेला ठाऊक होते का? ठाऊक असल्यास त्याबाबत काय केले? मागच्या वेळी पडल्यानंतर काय बदलले? मदत वेळेवर पोहोचली का, आणि कुटुंबाला खरे व लगेच सांगितले का? एकटी मावशी दोन मजले सांभाळत असेल, तर तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तिला एकटी ठेवण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा असतो आणि तक्रारही त्यांच्याच विरुद्ध असावी.

अनेक कुटुंबे येथेच थांबतात, कारण ‘आपण तक्रार केली, तर रात्री आईकडे कोण बघेल?’ ही भीती खरी असते. तक्रार लेखी आणि सभ्य शब्दांत, थेट व्यवस्थापकाला उद्देशून असावी आणि भेटीला जाणाऱ्यांनी ठरावीक वार न पाळता वेळा बदलत जावे. परदेशात राहणाऱ्या मुलांनी गावातल्या विश्वासू नातेवाइकाला लेखी अधिकारपत्र द्यावे, म्हणजे संस्थेला आणि रुग्णालयाला त्याच्याशी बोलण्यास नकार देणे कठीण जाते.

संस्थेने दाद दिली नाही, तर पुढचे मार्ग संस्थेच्या स्वरूपावर अवलंबून असतात. शुल्क घेणारी संस्था ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कक्षेत येते. तक्रार घटनेपासून 2 वर्षांच्या आत करावी लागते, ती तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते आणि सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. प्रवेशाच्या करारात ‘पडल्यास संस्था जबाबदार नाही’ असे कलम असले, म्हणजे तक्रारीचा हक्क संपतो असे नाही. मोफत चालणाऱ्या संस्थेबाबत मात्र हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. ती सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे, तसेच जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे अर्ज करावा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मार्गदर्शन करते. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. बेदरकार किंवा निष्काळजी कृत्यामुळे ती झाली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली पोलिसांकडे फिर्याद देता येते. ठाण्यात ती घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात पोलीस आयुक्तांना टपालाने लेखी कळवावे.

खुबा मोडल्यानंतर काही आठवड्यांनी न्यूमोनियाने किंवा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला, तर त्याचा पडण्याशी असलेला संबंध डॉक्टरांना आवर्जून सांगावा. शंका असेल, तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांना कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी. त्या दुःखात हे सुचणे कठीण असते, म्हणून जबाबदारी आधीच एखाद्या नातेवाइकावर सोपवावी. नंतर कारण सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

बरे झाल्यावर त्याच संस्थेत परत पाठवायचे असेल, तर पाठवण्यापूर्वी काय बदलले, हे लेखी घ्यावे: रात्री किती वेळा फेरी होईल, बाथरूमला कोण सोबत नेईल, बेल कोठे बसवली. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व आणि दृष्टी यांची तपासणी करून घ्यावी आणि फिजिओथेरपी मध्येच सोडू नये. संस्था बदलायची असेल, तर जुन्या ठिकाणी डिपॉझिट परत घेताना ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ असे छापील वाक्य असलेल्या कागदावर सही करू नये. ते वाक्य खोडून, शेजारी सही करून, फक्त रक्कम मिळाल्याची पावती द्यावी.