टीबी उलटतो (बरा होऊन पुन्हा होतो) का, आणि उलटू नये म्हणून काय करायचं

गोळ्या सुरू केल्या की दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतं, माणूस पुन्हा लूमवर उभा राहतो. गोळ्या सुटतात त्या नेमक्या इथेच.

भराभर वाढणारे जंतू औषधाने आधी मरतात, म्हणून लवकर बरं वाटतं. काही जंतू मात्र जवळपास झोपलेले असतात. ते अधूनमधून जागे होतात, तेव्हा रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध त्यांना गाठतं. पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात. म्हणून सहा महिन्यांच्या नेहमीच्या कोर्सचा हिशेब डोसांत ठेवा: पहिल्या दोन महिन्यांत ५६, पुढच्या चार महिन्यांत ११२. कॅलेंडरवर खूण गोळी गिळल्यावर करा, आधी नाही.

रोजच्या गोळ्या वजनावर ठरतात. मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. ४७ चे ५३ किलो झालात तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर डोस अपुरा पडतो. गोळ्या रिकाम्या पोटी चांगल्या लागू पडतात. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या, पण चुकवू नका. डोळे पिवळे दिसले तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा, वारी, कामासाठी पुणे: निघण्याआधी तितक्या दिवसांचे डोस आणि निक्षय नंबर (टीबीच्या सरकारी नोंदणीतला तुमचा क्रमांक) सोबत घ्या. महिनाभर खंड पडला तर उरलेल्या गोळ्या मनानेच सुरू करू नका, आधी तपासणी.

शुगर तपासली नसेल तर तपासा. ती वाढलेली असली की टीबी उलटण्याचा धोका वाढतो. शिवाय रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. बिडी आणि दारूही बंद.

कोर्स संपला तरी ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी दाखवायचं. बहुधा पहिल्या वर्षातच उलटतो. कधी जुना जंतू नसतोही, घरातून किंवा कारखान्यातून नवा संसर्ग होतो. उलट, प्रत्येक खोकला टीबी नसतो. जुने डाग एक्स-रेत राहतातच, त्यामुळे जुनी फिल्म जपून ठेवा, तुलनेला लागते.

खोकला दोन आठवडे टिकला तर बेडका तपासा. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला, नुसती लाळ नको. पूर्वी कोर्स झालाय हे तिथे आवर्जून सांगा: सीबीनॅट ही बेडक्याची मशीनवरची तपासणी मेलेल्या जंतूंचे अंशही पकडते, मग खात्रीसाठी कल्चर (जिवंत जंतू वाढतात का ते पाहणं) करावं लागतं.