मेटल क्लेच्या दागिन्यांना रंग: आधी मीना, मग पॅटिना, शेवटी रेझिन

मेटल क्ले म्हणजे धातूची पूड आणि चिकट बांधक यांची मातीसारखी घडवता येणारी लगदी. भाजल्यावर ती घन धातू होते. तिला रंग देण्याचा क्रम उष्णतेवरून ठरतो. मीना (धातूवर वितळवलेली रंगीत काचेची पूड) सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळतो, त्या तापमानाला पॅटिना (रसायनाने धातूवर आणलेला रंगाचा थर) उडून जातो आणि रेझिन (घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) जळून जातं. म्हणून एकाच दागिन्यात तिन्ही हवे असतील तर शीर्षकातला क्रम बदलायचा नाही.

इथे शुद्ध चांदीची क्ले धरली आहे. स्टर्लिंग (मिश्र चांदीच्या) क्लेमध्ये तांबं असतं. मीना भाजताना ते काळं पडतं आणि पारदर्शक रंगाखालून मळकट दिसतं.

सुरुवात भाजणीपासून. मीना करायचा असेल तर दागिना भट्टीत ९०० अंशांना २ तास भाजा. (चांदी ९६१ अंशांना वितळते, त्यामुळे भट्टीच्या तापमापकावर भरवसा हवा.) टॉर्चवर (गॅसच्या ज्योतीवर) काही मिनिटांत भाजलेल्या तुकड्यात बारीक छिद्रं जास्त राहतात. त्यांत अडकलेली हवा आणि पाणी मीना वितळताना वर येतं आणि रंगात फुगे दिसतात. भट्टीतून आलेला दागिना पांढराफटक असतो. पितळी ब्रश आणि साबणाच्या पाण्याने तो घासा, मग मीना भरायची जागा बर्निशरने (धातू घासून दाबायच्या गुळगुळीत हत्याराने) दाबून घट्ट करा.

मीन्याची पूड गाळलेल्या पाण्यात ढवळा, जड कण खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी ओता. पाणी नितळ दिसेपर्यंत हे करत राहा. आळस केला तर पारदर्शक रंग धुरकट येतो. ओली पूड बारीक ब्रशने पातळ थरात भरा आणि भट्टीच्या वर ठेवून पूर्ण वाळवा. ओलावा राहिला तर वाफेने पूड उडते. मग ७८० ते ८०० अंशांना दीड-दोन मिनिटं. थर आधी साखरेसारखा, मग संत्र्याच्या सालीसारखा आणि शेवटी काचेसारखा गुळगुळीत दिसतो. तिथे बाहेर काढा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. दागिना पातळ असेल तर मागच्या बाजूलाही मीना द्यावा लागतो, नाहीतर चांदी आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि तडे जातात. पारदर्शक लाल आणि केशरी रंग थेट चांदीवर पिवळट-तपकिरी होतात. त्यांच्याखाली आधी रंगहीन मीन्याचा थर भाजा.

पॅटिनासाठी लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे चांदी काळी करणारं गंधकाचं रसायन. सोनेरी, गुलाबी, जांभळा, निळा आणि शेवटी काळा, हे सगळे रंग चांदीवर बसणाऱ्या सल्फाइडच्या थराच्या जाडीतून येतात. त्यामुळे खरी करामत वेळेवर थांबण्याची.

काचेच्या वाटीत २५० मिली गरम पाणी घ्या. उकळतं नको, त्यात द्रावण लवकर निकामी होतं. वाटाण्याएवढा खडा विरघळवा. द्रावण फिकट पिवळं हवं. गडद असेल तर रंगांना वेळच न मिळता दागिना थेट काळा होतो. दागिना साबण आणि खाण्याच्या सोड्याने धुवा. पाणी थेंब-थेंब जमलं तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. बोटाचा ठसाही डाग होऊन उमटतो. चिमट्याने धरून २ सेकंद बुडवा, साध्या पाण्यात खंगाळा, बघा, पुन्हा बुडवा. हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी थांबा आणि सोड्याच्या पाण्यात टाका. मीना असलेला दागिना गरमातून बर्फाच्या पाण्यात नेऊ नका, काच तडकते. मोती या सगळ्यानंतरच बसवा.

खोली हवेशीर ठेवा, हातमोजे घाला. लिव्हर ऑफ सल्फरजवळ आम्ल नको, अगदी व्हिनेगरही नको. विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतो.

रंग बिघडला तर मीना किंवा खडे नसलेला दागिना टॉर्चवर तापवला की चांदी पुन्हा पांढरी होते. उठावाचे भाग पॉलिशच्या कागदाने हलके पुसले तर काळा रंग फक्त खोबणींत राहतो. नक्षी तेव्हाच नीट वाचता येते. वर मेणाचा पातळ हात द्या. लॅकरने (पारदर्शक वार्निशने) निळा-जांभळा रंग बऱ्याचदा मंदावतो, आधी टाकाऊ तुकड्यावर पाहा.

भट्टी नसेल तर खोलगट जागेत इपॉक्सी रेझिन भरता येतं. दोन्ही भाग बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच मोजा. अंदाजाने घेतलं की ते चिकट राहतं. २ मिनिटं सावकाश ढवळा, काडीच्या टोकावर मावेल इतकाच रंग घाला. धुळीपासून झाकून, सपाट जागी, किमान २४ तास. मेण मात्र रेझिन सुकल्यावरच लावा, कारण मेणावर रेझिन धरत नाही.