जुन्या पिस्तुलाला नवीन मॅगझिन बसवताना

आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून एक ब्राउनिंग पिस्तूल आहे, १९१० मॉडेल, पॉइंट ३२ बोअर, बेल्जियमचं, परवाना आता माझ्या नावावर. त्याचं एकुलतं एक मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी राउंडची (काडतुसांची) पेटी, पार दमलं होतं. वरचे दोन लिप्स, म्हणजे राउंडला धरून ठेवणारे पत्र्याचे काठ, फाकलेले, स्प्रिंग मऊ झालेली, राउंड वर येताना तोंड तिरकं करायचा आणि अडकायचा. कंपनीचं ओरिजनल आता मिळत नाही, मग दुसऱ्या कोणी बनवलेलं घ्यायचं, आणि ते जसंच्या तसं बसेल अशी आशा धरायची नाही, हे आधीच मनाशी ठरवा.

आधी कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र म्हटलं की त्याचे सुटे भागही आले, आणि रिपेअर करणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे बाहेरच्या देशातून कुरिअरने मागवणं किंवा नाशिकच्या अंबड-सातपूरला ओळखीच्या टूलरूमवाल्याकडून (साचे आणि सुटे भाग बनवणाऱ्याकडून) करून घेणं, दोन्ही नको, तो कितीही चांगला कारागीर असला तरी. परवानाधारक गन हाऊसमधूनच घ्या, त्यांच्याच गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) बसवून घ्या, बिल जपून ठेवा. शंका असली तर नाशिक शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात विचारायचं आणि निफाड-सिन्नरकडच्यांनी कलेक्टर ऑफिसला.

घेताना नुसतं 'ब्राउनिंगचं मॅगझिन द्या' म्हणू नका. मी तेच केलं होतं, समोरच्याने 'हेच बसतं' म्हणून जे दिलं ते निघालं १९२२ मॉडेलचं. त्या मॉडेलची मूठ लांब, त्यात पॉइंट ३२ चे ९ राउंड बसतात, माझ्यात ७. घरी घालून बघितलं तर खाली लोंबतंय, कॅच (मॅगझिन अडकवून धरणारा खटका) लागायचा प्रश्नच नाही, मी जोर लावला आणि मुठीच्या आत जो ओरखडा पडला तो आजही आहे, फार वाईट वाटतं बघून. अजून एक म्हणजे १९१० हेच मॉडेल पॉइंट ३८० मध्येही यायचं, त्याचं मॅगझिन दिसायला सारखंच. पॉइंट ३२ म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग, तेच बघून घ्या आणि दुकानात जाताना जुनं मॅगझिन सोबत न्या. ते कितीही खराब असलं तरी फेकायचं नाही, मापाला तेच लागतं.

गनस्मिथकडे बसाल तेव्हा पहिलं काम, मॅगझिन काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची राउंड बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून बघा. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, चेंबरमध्ये एक राहू शकतो. पूर्ण काम होईपर्यंत टेबलावर खरा राउंड एकही नको, फक्त डमी, म्हणजे दारू नसलेले खोटे राउंड.

माझ्या गनस्मिथने नवीन मॅगझिनला चारी बाजूंनी काळा मार्कर फासला, हळूच आत घातलं, बाहेर काढलं. जिथे घासत होतं तिथे शाई उडून पत्रा चमकायला लागला, डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ. तेवढ्याच रेघेवर पॉलिश पेपर, परत मार्कर, परत आत. असं सहा-सात वेळा झालं. घासायचं ते मॅगझिन, पिस्तूल नाही, कोणी मुठीच्या आतून किंवा कॅचला कानस लावायला लागला तर सरळ उचलून घरी या. मॅगझिन चुकलं तर दुसरं येईल, शंभर वर्षांचं पिस्तूल कुठून आणणार.

मग कॅच. १९१० ला तो मुठीच्या खाली मागच्या बाजूला असतो आणि मॅगझिनच्या तळपट्टीला धरतो. तळपट्टी जाड असेल तर कॅच बसत नाही, ढिली असेल तर मॅगझिन जरासं खाली राहतं आणि स्लाइड वरच्या राउंडला न उचलताच पुढे निघून जाते. बसवल्यावर खाली ओढून बघा, हललं नाही पाहिजे. या मॉडेलमध्ये मॅगझिन नसलं की ट्रिगर चालत नाही अशी सेफ्टी आहे, त्यामुळे नवीन मॅगझिन घातल्यावर ट्रिगर मेल्यासारखा वाटला तर बिघाड पिस्तुलात नसून मॅगझिन नीट बसलं नसेल, आधी ते बघायला सांगा.

लिप्स सगळ्यात नाजूक. जुन्याच्या न झिजलेल्या भागाचं माप व्हर्निअरने घेऊन त्याच्याशी जुळवतात, केसभर वाकवायचं आणि डमी घालून बघायचं, एकदम दाबलं तर पत्र्याला चीर जाते.

पॉइंट ३२ चा राउंड भरताना एक लक्षात ठेवा, त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा थोडी बाहेर असते, वरच्या राउंडची कड खालच्याच्या पुढे हवी, मागे गेली की दोघं एकमेकांत अडकतात आणि मग लोक उगाच मॅगझिनला नावं ठेवतात.

डमीने सातही नीट फिरले की मग परवानगी असलेल्या फायरिंग रेंजवर, कानाला मफ, डोळ्याला चष्मा. आधी मॅगझिनमध्ये एकच राउंड, मग दोन, मग पूर्ण, दोन-तीन वेळा. माझं दुसऱ्या फेरीत एकदा अडकलं, परत गनस्मिथकडे गेलो, उजवा लिप जरासा आत घेतला आणि त्यानंतर एकदाही अडकलं नाही.

निवडणुकीत शस्त्र पोलीस स्टेशनला जमा करायची वेळ आली तर मॅगझिन रिकामं करून द्या आणि पावतीवर मॅगझिन किती दिली तेही लिहून घ्या.