पाठ टेकली की राहिलेली कामं डोक्यात फिरतात? मला लागू पडलेला उपाय

दिवस कसाबसा उरकायचा, पण अंथरुणाला पाठ टेकली की राहिलेलं एकेक काम आठवायचं. छातीत धडधड, जबडा आवळलेला, सकाळी उठतानाच थकवा. रात्रीचा चहा सोडला, बडोद्याच्या कमाटीबागेत फेऱ्या मारल्या. चालून अंग हलकं व्हायचं, डोकं नाही. अगदी रडकुंडीला आले होते.

शेवटी जमलं ते असं. जेवणानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. मग ओट्याशी उभं राहून 5 मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहायची. अंथरुणात बसून नाही, हे महत्त्वाचं. ‘औषधांचं बघणे’ असं मोघम चालत नाही. ‘10 वाजता दांडिया बाजारातून आईंच्या बीपीच्या गोळ्या आणणे’ असं हवं. जे आपल्या हातात नाही ते कागदाच्या मागे. पहिल्या कामाभोवती गोल करून कागद डब्याखाली ठेवायचा. मगच आडवं होऊन 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. लांब उच्छ्वासाने धडधड मंदावते.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या 2018च्या प्रयोगातही झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामं लिहिणाऱ्यांना लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी लवकर.

मात्र दोन आठवडे मन खिन्नच असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर यादीवर थांबू नका. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.