कोई मासे नव्या घरी नेताना: माझा अनुभव

दांडिया बाजारातला वाडा सोडून आम्ही वडोदऱ्यातच मांजलपूरला राहायला गेलो, तेव्हा सामानापेक्षा जास्त काळजी होती ती हौदातल्या कोई माशांची, म्हणजे शोभेच्या रंगीत जपानी कार्प माशांची. चांगले हातभर लांब, घरातलेच झालेले.

निघण्याआधी दोन दिवस खाणं बंद केलं. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. एवढा मोठा मासा जाळीने उचलू नये; खवले निघतात, अंगाला इजा होते. जाळीने नुसतं टबाकडे वळवायचं आणि पाण्यासकट ओल्या हातांनी पिशवीत सरकवायचं. एकात एक अशा दोन जाड पिशव्या, एक तृतीयांश पाणी, वर ऑक्सिजन. पिशव्या खोक्यात आडव्या ठेवून अंधार केला आणि ऊन चढायच्या आत निघालो.

खरं नाजूक काम पुढचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधीच सोडियम थायोसल्फेट घालून घालवलं होतं. जुन्या फिल्टरचा स्पंज ओलाच आणला, कारण माशांच्या अंगातून बाहेर पडणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात. बंद पिशव्या १५-२० मिनिटं सावलीत तरंगवल्या. पण पिशवी उघडल्यावर रेंगाळायचं नाही, हे फार महत्त्वाचं! कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो (पाण्याची आम्लता कमी होते) आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून मासे लगेच हौदात, पिशवीतलं पाणी बाहेर.

वर जाळी ताणून बांधली, कारण नव्या जागी कोई उड्या मारतात. आई खाऊ घालायला आतुर होती, पण अमोनियाची चाचणी शून्य दाखवेपर्यंत तिला चिमूटभरच घालू दिलं.