नवे कार्पेट घेण्याआधी जुने लॉन सुधारा

उन्हाळ्यात लॉनला टक्कल पडले की बंगलेवाले सरळ नर्सरीतून नवे कार्पेट, म्हणजे गवताची तयार चटई, मागवतात. खालची जमीन तीच राहते, त्यामुळे त्या कार्पेटचीही पुढे तीच गत होते. आपल्याकडे बहुतेक जुन्या लॉनमध्ये हरळी असते. शेतात जिच्यापायी नाकीनऊ येतात तीच ही हरळी. ती सहजी मरत नाही. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की जुलैअखेरपर्यंत दुरुस्ती करून घ्यावी.

आधी ओलसर मातीत लांब स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. दोन-तीन बोटांवर अडला तर माती दडपली आहे, नाहीतर बांधकामाचा राडारोडा टाकून वर मातीचा पातळ थर दिला आहे. राडारोडा असेल तर तेवढा भाग खणून माती बदलण्याला पर्याय नाही. माती दडपली असेल तर गवत खाली कापून वाळलेला काडीकचरा दाताळ्याने ओढून काढा. मग वीतभर अंतरावर गार्डन फोर्क आठ-दहा सेंटीमीटर खोल रोवून हलवत जा. फोर्क नसेल तर टोकदार पहार चालते. हे काम वाफशावरच करा. चिखलात केले तर काळी माती आणखी आवळते. भोकांवर धुतलेली वाळू आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात मिसळून अर्धा ते एक सेंटीमीटर पसरा, झाडूने आत ढकला. गवताची टोके वर दिसली पाहिजेत. कच्चे शेणखत टाकू नका, त्यातून तणाचे बी येते.

उघड्या जागी दोन-तीन पेरांचे हरळीचे तुकडे दहा सेंटीमीटरवर लावून पायाने दाबा. पाऊस बरा असेल तर साधारण दीड महिन्यात जागा झाकते. मेक्सिकन गवत फार सावकाश पसरते, तिथे कार्पेटचे ठिगळ लावलेले बरे. नव्या वाढीला शंभर चौरस मीटरला एक किलो युरिया पुरतो. तो कोरड्या पातीवर फेकून लगेच पाणी द्या. दवात किंवा ओल्या पातीवर टाकला तर गवत करपते.

युरिया देऊनही कोवळी पाती पिवळीच राहिली तर नत्र वाढवत बसू नका. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत.

आंब्याखाली, जिथे दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळत नाही, तिथे हरळीचा नाद सोडा. मोंडो गवत लावा किंवा फरशी टाका.

लव्हाळा खुरप्याने वरवर कापला तर पुन्हा फुटतो. ओल्या जमिनीतून गाठींसह उपटावा लागतो, आणि तेही पावसाळाभर.

ऑगस्टमध्ये एखादा पट्टा वाळला आणि ओढल्यावर चटईसारखा हातात आला, तर खाली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, आहे असे समजा. मुळे खाल्लेली असतात. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुलिंब-बाभळीवर जमतात, तेव्हाच फांद्या हलवून, गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढचा ताप कमी होतो. अळी लहान असताना मेटारायझियम पाकिटावरच्या प्रमाणात घेऊन पाण्यातून ओल्या जमिनीत मुळांशी ओता. ही बुरशीच आहे, म्हणून त्या काळात बुरशीनाशक फवारू नका.