वाडी-वस्तीवर आरोग्याचे काम करताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या वाडीवर किंवा पाड्यावर आरोग्याचे काम करू इच्छिणारी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. युवक मंडळे, राष्ट्रीय सेवा योजनेचे गट, शहरातील डॉक्टर, नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य अशा अनेकांची तळमळ खरी असते, खर्चही बऱ्यापैकी होतो आणि तरीही दोन-तीन वर्षांनी त्याच वस्तीतील मुले त्याच जुलाबाने आजारी पडताना दिसतात. अशा ठिकाणी बारकाईने पाहिले, तर औषधाची कमतरता क्वचितच आढळते. बाहेरचा माणूस परत गेल्यानंतर ते काम कोणी पुढे चालवायचे, हे मात्र ठरलेले नसते. पुढील बहुतेक चुका याच एका उणिवेतून निर्माण होतात.

शिबिर झाले की काम झाले असे मानणे

एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाब वाढलेला आढळतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या जातात आणि सोळाव्या दिवशी त्या माणसाकडे काहीच उरत नाही. मुळात एकदाच घेतलेल्या मापावरून उच्च रक्तदाबाचे निदान करणे योग्य नसते. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते. म्हणून शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्यसेविका यांना भेटावे, फेरतपासणीचे दिवस त्यांच्याबरोबर आधीच ठरवून घ्यावेत आणि तपासलेल्या रुग्णांची यादी, रुग्णांच्या संमतीने, त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे सोपवावी.

शिबिराला किती लोक आले याची मोजदाद सगळेच ठेवतात. न आलेल्यांची सहसा कोणी ठेवत नाही. आशाताईंकडे घरांची नोंदवही असते. ती शेजारी ठेवून उपस्थितांची यादी ताडून पाहिली, तर अंथरुणाला खिळलेले वृद्ध, एका दिवसाची मजुरी बुडवणे न परवडणारे शेतमजूर आणि नुकतीच बाळंत झालेली सून हीच माणसे राहून गेल्याचे बहुधा आढळते. सर्वाधिक गरज त्यांनाच असते. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ ठेवावी, किंवा सरळ त्यांच्या घरी जावे.

गावाला काय हवे ते आपणच ठरवणे

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ या आपल्या संस्थेचे काम सुरू केले. त्यांच्या सुरुवातीच्या पाहणीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथे मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. शास्त्रीय दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचाच होता. पण लोकांच्या लेखी ती त्यांची तातडीची अडचण नव्हती. इतक्या अभ्यासू माणसांच्या बाबतीत असे घडू शकते, तर चार बैठका घेऊन विषय ठरवणाऱ्या गटाने किती सावध राहायला हवे, हे सांगण्याची गरज नाही. पुढे त्यांनी दवाखाना उभारला तो लोकांना विचारून, आदिवासींच्या घरांसारख्या झोपड्यांचा, जिथे रुग्णासोबत नातेवाइकांनाही राहता येते.

मात्र विचारणे म्हणजे ग्रामसभेत प्रश्न टाकून हात वर करायला सांगणे नव्हे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील स्त्रियांच्या केलेल्या तपासणीचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्यापूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. हे दुखणे चावडीवर कोणतीही बाई उभी राहून सांगणार नाही. त्यासाठी विश्वासातील स्त्रीनेच, घरात किंवा पाणवठ्यावर, सवडीने बोलले पाहिजे.

बाहेरच्या शिक्षित माणसावर सगळी भिस्त ठेवणे

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा प्रशिक्षित परिचारिकांना गावोगाव ठेवून पाहण्यात आले. ती व्यवस्था टिकली नाही, आणि त्यातूनच गावातील बायकांना शिकवण्याचा मार्ग पुढे आला. त्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांबद्दल शेजारणीला पटेल अशा भाषेत त्या बोलू शकत होत्या. गडचिरोलीतही गावातीलच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले गेले आणि ३९ गावांतील नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा वेळा घरी जाऊन पाहतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

अशा कार्यकर्तीला काय शिकवावे, याचे एक उदाहरण न्यूमोनियाचे आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर दवाखाना गाठायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय मोडावी, कारण लहान मुलाच्या श्वासाची गती सारखी बदलत असते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. बैठक नेहमी मंदिरापुढे किंवा पाटलांच्या ओसरीवर घेतली जाते आणि कार्यकर्तीही त्याच आळीतून निवडली जाते, तेव्हा दलित वस्तीपर्यंत आणि गावाबाहेरच्या पालांपर्यंत काम पोहोचतच नाही. अशा वेळी पुढची बैठक त्या वस्तीतच घ्यावी.

उपाय करूनही फरक पडत नाही, तेव्हा काय तपासावे

विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग) पावडर टाकली जाते, तरी जुलाबाची साथ थांबत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. प्रथम पावडर पाहावी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते; पण तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात, ओलसर खोलीत ते झपाट्याने कमी होत जाते आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. नंतर पद्धत पाहावी. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास ते पाणी पिण्यासाठी सोडू नये. हे सगळे व्यवस्थित असेल, तर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे रंगावरून दाखवणारी) टाकीपाशी न करता नळाच्या शेवटच्या घरी करावी. तिथे पिवळा रंग येत नसेल, तर गटारातून जाणारी फुटकी जलवाहिनी शोधावी लागते, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय कितीही पावडर टाकली तरी ती वाया जाते.

गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मिळतात, पण हिमोग्लोबिन वाढत नाही, अशा वेळी त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्याची घाई करू नये. गोळीने मळमळ होते, शौचाला काळे होते, आणि हे आधी कोणी सांगितले नसेल तर ती घाबरून गोळ्या बंद करते. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतलेले लोह अंगी लागत नाही. गोळ्या नियमित घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढले नाही, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हेही पाहावे.

ओआरएसच्या बाबतीत चूक मापात होते. एक लिटर पाण्यासाठी असलेले पाकीट पेल्यात कालवले, तर ते द्रावण बाळाला अपाय करते. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबल्यावरही चौदा दिवस पूर्ण करायच्या असतात. बहुतेक घरांत त्या तिसऱ्या दिवशी बंद होतात.

गावाचे वर्ष विसरणे

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावात दिवाळीनंतर वजन-उंचीची मोहीम ठेवली, तर सर्वांत अशक्त मुले त्या वेळी कारखान्याच्या फडावर असतात. निघण्यापूर्वी प्रत्येक आईच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड असल्याची खात्री करावी, म्हणजे लसीकरणाचा पुढचा टप्पा जिथे असेल तिथे पूर्ण करता येतो. मेळघाटात कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात. राहिलेल्या लसी, कुपोषण ओळखण्यासाठी दंडघेराची मोजणी आणि गरोदर स्त्रियांची तपासणी यांसाठी वर्षातील तो आठवडा राखून ठेवावा. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेल्या मुलाला त्याच दिवशी आरोग्यसेविकेला दाखवावे. लशींची आणि मनुष्यबळाची मागणी आधी नोंदवावी लागते, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राशी याबाबत महिनाभर अगोदर बोलून ठेवावे.